भागाकार न करता बाकी: शेष सिद्धांत, अवयव आणि थोडे भास्कराचार्य

४७३८ ला ९ ने भागलं तर बाकी किती? भागाकार मांडायची गरज नाही. अंकांची बेरीज करा: ४ + ७ + ३ + ८ = २२. पुन्हा एकदा: २ + २ = ४. बाकी ४. खात्री करायची असेल तर ९ × ५२६ = ४७३४, वर उरले ४. ही युक्ती लहानपणीच कानावर पडते, पाठ होते आणि पुढे जन्मभर उपयोगी पडते. ती का चालते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. तिचं कारण नववीच्या बीजगणितात ‘बहुपदी’ नावाच्या प्रकरणात असतं. पण तोवर मुलं परीक्षेच्या घाईत असतात आणि हे दोन धागे एकमेकांना कधी भेटतच नाहीत.

तर आधी ते भेटवू. ४७३८ म्हणजे ४ हजार, ७ शतक, ३ दशक आणि ८ एकक. दहाच्या जागी क्ष लिहिला की हीच संख्या अशी दिसते:

४क्ष³ + ७क्ष² + ३क्ष + ८

म्हणजे आपण रोज लिहितो ती प्रत्येक संख्या ही एक बहुपदीच असते, फक्त क्षची किंमत १० ठरवून टाकलेली. आता ९ म्हणजे १० − १, म्हणजेच क्ष − १. शेष सिद्धांत सांगतो की बहुपदीला (क्ष − १) ने भागल्यावर उरणारी बाकी हवी असेल, तर भागाकाराच्या वाटेला जाऊ नका, क्षच्या जागी सरळ १ ठेवा. १ चा घन १, वर्गही १. मग उरतं काय? ४ + ७ + ३ + ८. अंकांची बेरीज!

११ ची कसोटीही याच घरातली. ११ म्हणजे १० + १, म्हणजे क्ष + १. क्षच्या जागी −१ ठेवायचा. सम घात असलेली पदं अधिक राहतात, विषम घाताची उणे होतात: −४ + ७ − ३ + ८ = ८. ४७३८ ला ११ ने भागून बघा, ११ × ४३० = ४७३०, बाकी ८. ‘एकाआड एक अंकांची बेरीज करून वजाबाकी करा’ हा जो नियम पाठ करायला लावतात, तो हाच.

आणि ७? सातची कसोटी अवघड म्हणून बहुतेक शिक्षक टाळतात. पण ७ म्हणजे १० − ३, तेव्हा क्षच्या जागी ३ ठेवला की झालं. डावीकडून सुरू करा, प्रत्येक पायरीला तीनने गुणून पुढचा अंक मिळवा आणि वाटेत साताचे पट टाकत चला. ४ ला ३ ने गुणून ७ मिळवले, १९. त्यातून १४ टाकले, ५. ५ × ३ + ३ = १८, म्हणजे ४. ४ × ३ + ८ = २०, म्हणजे ६. बाकी ६. ७ × ६७६ = ४७३२, बरोबर ६ उरतात. ही ‘गुणा आणि पुढचं मिळवा’ची चाल लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

बाकी आणि किंमत एकच का?

१७ ला ५ ने भागलं, भागाकार ३, बाकी २. हेच दुसऱ्या शब्दांत: १७ = ५ × ३ + २. भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. इथे अट एकच, बाकी भाजकापेक्षा लहान हवी.

बहुपदींच्या जगात ‘लहान’ याचा अर्थ ‘कोटी कमी’. कोटी म्हणजे बहुपदीतला सर्वांत मोठा घातांक. (क्ष − ५) ची कोटी १. त्याने भागल्यावर बाकीची कोटी १ पेक्षा कमी, म्हणजे ० असली पाहिजे, म्हणजे बाकीत क्ष शिल्लकच राहू शकत नाही. ती एक साधी संख्या असते. सगळा सिद्धांत या एका गोष्टीवर उभा आहे.

कोणतीही बहुपदी प(क्ष) घ्या आणि तिला (क्ष − अ) ने भागा. भागाकार काहीही येवो, त्याला भ(क्ष) म्हणू.

प(क्ष) = (क्ष − अ) × भ(क्ष) + बाकी

ही समानता क्षच्या प्रत्येक किमतीला खरी आहे. मग आपल्या सोयीची किंमत का घेऊ नये? क्ष = अ ठेवा. पहिला कंस शून्य झाला. भागाकार कितीही अगडबंब असला तरी शून्याने गुणल्यावर गेलाच. उरलं ते

प(अ) = बाकी.

संपली सिद्धता. शाळेच्या बीजगणितात इतकी छोटी आणि इतकी कामाची सिद्धता माझ्या मते दुसरी नाही, आणि तरीही ‘सिद्धता परीक्षेला नाही’ म्हणून ती बऱ्याचदा वगळली जाते.

यावर वर्गातलं एखादं चौकस पोर हमखास विचारतं: आपण (क्ष − ५) ने भागतोय, आणि नंतर क्ष = ५ ठेवतोय. म्हणजे शून्याने भागलं की! ते कसं चालेल? प्रश्न अगदी रास्त आहे, त्याला ‘गप्प बस’ हे उत्तर नाही. वरच्या ओळीत भागाकाराचं चिन्ह कुठेच नाही, हे नीट बघा. तिथे फक्त गुणाकार आणि बेरीज आहे. भागाकार भ(क्ष) हा आपण क्षला किंमत द्यायच्या आधीच, अक्षरांच्या पातळीवर, शोधून ठेवलेला आहे. तो सापडल्यावर जी समानता लिहिली ती गुणाकाराची आहे, आणि शून्याने गुणायला कोणाचीच मनाई नाही.

चुका होतात त्या बहुतेक चिन्हाच्या. (क्ष + ३) ने भागायचं असेल तर क्षच्या जागी −३ जातो, कारण क्ष + ३ = क्ष − (−३). काय ठेवायचं ते पाठ करू नका, भाजक शून्य कधी होतो एवढंच विचारा. भाजक (२क्ष − १) असेल तर क्ष = १/२ ठेवा.

शून्याची जागा राखणारी पद्धत

शेष सिद्धांत बाकी देतो, भागाकार देत नाही. पुढे अवयव पाडायचे तर भागाकारही लागतो. त्यासाठी पाठ्यपुस्तकात संश्लेषक भागाकार पद्धती आहे. नाव ऐकून घाबरायला होतं, काम मात्र वरच्या सातच्या कसोटीचंच: गुणा आणि पुढचं मिळवा.

एक खरं, जुनं आणि चांगलं घसघशीत उदाहरण घेऊ. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. त्याच्या ‘बीजगणित’ या भागात एक कोडं आहे, ते आजच्या चिन्हांत असं लिहिता येईल:

क्ष⁴ − २क्ष² − ४००क्ष = ९९९९

सगळं डावीकडे आणलं की क्ष⁴ − २क्ष² − ४००क्ष − ९९९९ ही बहुपदी मिळते. तिला (क्ष − ११) ने भागू. सहगुणक, म्हणजे प्रत्येक पदात क्षच्या घाताला गुणणारी संख्या, क्रमाने लिहायचे: १, मग क्ष³ चं पद नाही म्हणून ०, मग −२, −४००, −९९९९. ते ० विसरलं की सगळं उत्तर पाण्यात. हजार आणि दशक असून शतक नसेल, तरी आपण शतकाच्या जागी शून्य लिहितोच ना, तेच इथे.

११ | १, ०, −२, −४००, −९९९९
मिळवायचे: ११, १२१, १३०९, ९९९९
बेरीज: १, ११, ११९, ९०९, ०

पहिला १ तसाच खाली उतरवला. १ × ११ = ११, तो ० मध्ये मिळवला, ११. ११ × ११ = १२१, त्यात −२ मिळवले, ११९. ११९ × ११ = १३०९, त्यातून ४०० गेले, ९०९. ९०९ × ११ = ९९९९, आणि शेवटी ०. शेवटची संख्या ही बाकी. तिच्या आधीच्या १, ११, ११९, ९०९ या संख्या म्हणजे भागाकाराचे सहगुणक. बाकी शून्य आली, तेव्हा (क्ष − ११) हा अवयव आहे आणि

क्ष⁴ − २क्ष² − ४००क्ष − ९९९९ = (क्ष − ११)(क्ष³ + ११क्ष² + ११९क्ष + ९०९).

दुसऱ्या कंसातले सगळे सहगुणक धन आहेत. मग त्याला शून्य करणारी संख्या धन असूच शकत नाही, असेल तर ऋण. −९ वर तीच चाल चालवली की १, २, १०१ आणि बाकी ० मिळते. म्हणजे आणखी एक अवयव (क्ष + ९), आणि मागे राहिली क्ष² + २क्ष + १०१. ती म्हणजे (क्ष + १)² + १००. वर्ग कधी ऋण नसतो, त्यात वर शंभर. हे शून्य होणार कसं? वास्तव संख्यांपुरतं अवयव पाडणं इथे थांबलं.

या पद्धतीला जगभर हॉर्नरचं नाव लावतात. विल्यम जॉर्ज हॉर्नर या इंग्रज शिक्षकाने १८१९ मध्ये ती मांडली. इटलीच्या पाओलो रुफिनी यांनी ती त्याआधीच वापरली होती, आणि चीनच्या चिन च्यूशाओ यांच्या १२४७ च्या ग्रंथात याच जातीची रीत आहे. बहुपदीची किंमत काढायला संगणक आजही हीच रीत वापरतो, कारण तिच्यात वेगळे घात काढावे लागत नाहीत. चौथ्या कोटीच्या बहुपदीला चार गुणाकार आणि चार बेरजा, बस्स.

एक बारीक खाच मात्र आहे. भाजक (२क्ष − १) असताना १/२ घेऊन ही पद्धत चालवली तर बाकी बरोबर येते, भागाकार मात्र दुप्पट येतो. कारण आपण प्रत्यक्षात (क्ष − १/२) ने भागलेलं असतं. शेवटी भागाकाराला २ ने भागायचं राहून गेलं की मार्क गेले.

भास्कराचार्यांनी हे कसं सोडवलं

त्यांनी (क्ष − ११) ने भागलं नाही. त्यांनी दोन्ही बाजूंना ४क्ष² + ४००क्ष + १ मिळवले. डावीकडे झालं क्ष⁴ + २क्ष² + १, उजवीकडे ४क्ष² + ४००क्ष + १००००. म्हणजे

(क्ष² + १)² = (२क्ष + १००)².

दोन्हीकडे पूर्ण वर्ग! वर्गमुळं घेतली की क्ष² + १ = २क्ष + १००, म्हणजे क्ष² − २क्ष − ९९ = ०, आणि उत्तर ११. काय मिळवायचं हे कसं सुचलं, याला मात्र नियम नाही. ती बुद्धीच हवी, असं खुद्द त्यांनीच सुचवलं आहे.

त्याच ग्रंथातलं घन समीकरणाचं कोडं आणखी छोटं आहे. एका राशीच्या घनात तिची बारापट मिळवली, तर तिच्या वर्गाची सहापट अधिक पस्तीस एवढं होतं. ती राशी कोणती? क्ष³ + १२क्ष = ६क्ष² + ३५. भास्कराचार्यांची चाल: ६क्ष² डावीकडे आणा आणि दोन्हीकडून ८ वजा करा. क्ष³ − ६क्ष² + १२क्ष − ८ हा (क्ष − २) चा घन आहे आणि उजवीकडे उरतात २७. घनमूळ घेतलं, क्ष − २ = ३, क्ष = ५.

आपल्या नववीच्या विद्यार्थ्याला एवढी प्रतिभा लागत नाही. त्याने क्ष³ − ६क्ष² + १२क्ष − ३५ लिहावं आणि ५ ठेवून बघावं: १२५ − १५० + ६० − ३५ = ०. भागाकार क्ष² − क्ष + ७. हातचलाखी नाही, सुचण्याची वाट बघणं नाही. बाकी शून्य आली की अवयव सापडला, नाही आली की पुढची संख्या. या उलट्या विधानाला अवयव सिद्धांत म्हणतात: प(अ) शून्य असेल तर (क्ष − अ) हा अवयव असतोच, आणि (क्ष − अ) अवयव असेल तर प(अ) शून्य असतंच. रने देकार्त यांनी १६३७ मध्ये ही गोष्ट आपल्या भूमितीच्या ग्रंथात लिहून ठेवली आहे.

भास्कराचार्यांचा विषय निघालाच आहे तर जाता जाता: चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढल्याची नोंद त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. म्हणजे तेराव्या शतकाच्या सुरुवातीला खानदेशात बीजगणिताचा क्लास चालू होता, म्हणायला हरकत नाही.

पण ५ च का? ११ च का?

शेष सिद्धांत समजल्यावर मुलं अडतात ती इथे. ‘सर, पहिला अवयव ओळखायचा कसा?’ आणि उत्तर बऱ्याचदा मिळतं, ‘अंदाजाने’. अंदाज नाही, उमेदवारांची यादी असते.

क्ष³ − ७क्ष + ६ घ्या. समजा अ ही पूर्णांक संख्या हिला शून्य करते. मग अ³ − ७अ + ६ = ०, म्हणजे अ × (अ² − ७) = −६. डावीकडे दोन पूर्णांकांचा गुणाकार आहे, तेव्हा अ ने ६ ला निःशेष भाग गेलाच पाहिजे. म्हणून उमेदवार एवढेच: १, २, ३, ६ आणि त्यांचे ऋण भाऊबंद. ४ किंवा ५ ठेवून बघण्यात वेळ घालवू नका, ते शक्यच नाही. शेवटचं, क्ष नसलेलं पद जणू सगळे सुगावे हातात घेऊन उभं असतं.

यादीतही आधी १ बघावा, कारण त्याला काहीच कष्ट नाहीत: सहगुणकांची बेरीज. १ − ७ + ६ = ०. लागला! (क्ष − १) अवयव. संश्लेषक पद्धतीने १, ०, −७, ६ वर १ चालवला की भागाकार क्ष² + क्ष − ६ येतो (मधलं शून्य पुन्हा आलं बघा), आणि त्याचे अवयव (क्ष + ३)(क्ष − २). एकूण (क्ष − १)(क्ष − २)(क्ष + ३).

आता जरा हट्टी बहुपदी: २क्ष³ + ३क्ष² − ११क्ष − ६. इथे पहिला सहगुणक १ नाही, म्हणून उमेदवारांत अपूर्णांकही येतात: वर ६ चा विभाजक, खाली २ चा. १ ठेवला, −१२ आलं. −१ ठेवला, −२ + ३ + ११ − ६ = ६ आलं. दोन्ही वेळा अवयव नाही. पण हे फुकट गेलं असं समजू नका. क्ष = ० ला किंमत −६ आहे आणि क्ष = −१ ला ६. बहुपदीचा आलेख सलग असतो, मध्येच उडी मारत नाही. −६ वरून ६ वर जाताना तो वाटेत शून्याला शिवणारच. आणि −१ व ० यांच्या मधला यादीतला एकच उमेदवार आहे, −१/२. पाहा ठेवून, शून्य येतं. पुढे २ ठेवला, १६ + १२ − २२ − ६ = ०. त्याने भागल्यावर २क्ष² + ७क्ष + ३, आणि मधल्या पदाची फोड ६ व १ अशी केली की (२क्ष + १)(क्ष + ३). चुकलेल्या उमेदवारांच्या किमती वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवायची सवय लावून घ्या, त्या बरंच काही सांगून जातात.

यादीतला एकही उमेदवार लागला नाही तर? तर बहुपदीचे अवयव पडत नाहीत, असं लगेच म्हणू नका. क्ष⁴ + ४ घ्या. ही कुठल्याच वास्तव संख्येला शून्य होत नाही, तिची किंमत कायम ४ किंवा जास्त. तरीही तिचे अवयव आहेत:

क्ष⁴ + ४ = (क्ष² + २)² − (२क्ष)² = (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २)

फ्रेंच गणिती सोफी जर्मेन यांच्या नावाने ही नित्य समानता ओळखली जाते. क्ष = १० ठेवा: १०००४ = १२२ × ८२. एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव पाढे न आठवता पडले. दुसऱ्या आणि तिसऱ्या कोटीला मात्र ‘यादी संपली, अवयव नाहीत’ हे म्हणता येतं, कारण तिसऱ्या कोटीची बहुपदी फोडायची तर एक तुकडा पहिल्या कोटीचा निघतोच. अर्थात हे परिमेय सहगुणकांपुरतं. चौथ्यापासून दोन-दोनची वाटणीही होऊ शकते, आणि तिथेच मुलं फसतात.

पाचव्या कोटीला तर आणखी वेगळीच अडचण आहे. वर्गसमीकरणासारखं, सहगुणक घातले की मुळं, म्हणजे बहुपदीला शून्य करणाऱ्या संख्या, हातात देणारं सर्वसाधारण सूत्र पाचव्या कोटीला अस्तित्वातच नाही, हे नॉर्वेच्या नील्स हेन्रिक आबेल यांनी १८२४ मध्ये सिद्ध केलं. तेव्हा त्यांचं वय होतं एकवीस-बावीस.

दोन बाक्यांवरून सरळ रेषा

स्पर्धा परीक्षांचा एक लाडका प्रश्न: एका बहुपदीला (क्ष − १) ने भागल्यास बाकी ५, (क्ष − २) ने भागल्यास बाकी ७. तर (क्ष − १)(क्ष − २) ने भागल्यास बाकी किती? बहुपदी कोणती हे सांगितलेलंच नाही, म्हणून अनेक जण प्रश्न सोडून देतात. पण भाजकाची कोटी २, म्हणजे बाकी फार तर पहिल्या कोटीची: अ × क्ष + ब. क्ष = १ ठेवला, अ + ब = ५. क्ष = २ ठेवला, २अ + ब = ७. म्हणून अ = २, ब = ३, आणि बाकी २क्ष + ३.

इथे जे घडलं ते वाटतं त्याहून मोठं आहे. दोन किमती कळल्या आणि पहिल्या कोटीची बहुपदी पूर्ण कळली. तीन किमती कळल्या तर दुसऱ्या कोटीची कळते. दुसरी एखादी बहुपदी तेवढ्याच किमती देणार नाही कशावरून? दोघींची वजाबाकी करा. दोन ठिकाणी किमती जुळतात, तर वजाबाकी दोन ठिकाणी शून्य. अवयव सिद्धांताने तिला दोन अवयव असले पाहिजेत, म्हणजे कोटी निदान २. पण पहिल्या कोटीच्या दोन बहुपदींच्या वजाबाकीची कोटी २ होणार कुठून? म्हणजे वजाबाकी शून्यच, आणि दोघी एकच.

आता समजा मला तुम्हाला दोन आकडे पाठवायचे आहेत, ३ आणि २. मी ते तसेच न पाठवता २क्ष + ३ बनवतो आणि क्ष = १, २, ३, ४ च्या किमती पाठवतो: ५, ७, ९, ११. वाटेत काहीतरी बिघडलं आणि तुमच्यापर्यंत ५, ७, १२, ११ पोचलं. चारपैकी तीन आकडे एका सरळ रेषेत बसतात, १२ बसत नाही. तुम्हाला नुसतं चूक झालीय एवढंच कळलं नाही. कुठे झाली आणि तिथे काय असायला हवं होतं, तेही कळलं. दोन आकड्यांसाठी दोन जादा पाठवले, त्या बदल्यात एक चूक दुरुस्त झाली.

आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. पानटपरीपासून भाजीवालीपर्यंत सगळीकडे चिकटवलेल्या क्यूआर कोडमध्ये हीच वापरलेली असते. हा कोड जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने १९९४ मध्ये तयार केला. त्यात दुरुस्तीच्या चार पातळ्या असतात. सर्वांत खालच्या पातळीला सुमारे ७ टक्के मजकूर खराब झाला तरी चालतो, सर्वांत वरच्या पातळीला सुमारे ३० टक्के. कोडच्या मधोमध कंपन्या आपला लोगो छापतात, तो याच भरवशावर.

प्रत्यक्षात तिथे किमती पाठवत नाहीत, बाकी पाठवतात. आधी (क्ष − अ) सारख्या बऱ्याच अवयवांचा गुणाकार करून एक ठरलेली बहुपदी बनवलेली असते. मजकुराची बहुपदी तिने भागायची आणि जी बाकी येईल ती मजकुराच्या शेपटाला अशी जोडायची, की सगळं मिळून निःशेष भाग जावा. ४७३८ च्या पुढे ५ लिहून ४७३८५ केलं की ९ ने पूर्ण भाग जातो आणि वाचणाऱ्याला बेरीज करून खात्री करता येते, त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती. नुसत्या बेरजेला अंकांची अदलाबदल कळत नाही, ० चा ९ झालेलाही कळत नाही. अनेक अवयव घेतले की असल्या फटी बुजतात. इथली बेरीज-गुणाकार २५६ संख्यांच्या एका बंदिस्त गणितात चालते, अपूर्णांक नाहीत की हातचा नाही, पण शेष सिद्धांत तिथेही जसाच्या तसा लागू पडतो, कारण त्याच्या सिद्धतेला गुणाकार आणि बेरजेपलीकडे काही लागत नाही.

मोबाइल कोड वाचतो तेव्हा भागाकार करत बसत नाही. ठरलेल्या संख्या एकेक करून बहुपदीत ठेवतो, हॉर्नरच्या चालीने. सगळ्या किमती शून्य आल्या तर मजकूर धडधाकट. एखादी शून्येतर आली, तर त्या किमतींपासून एक नवी बहुपदी रचली जाते, आणि तिची मुळं सांगतात की कुठला तुकडा खराब आहे. ही मुळं शोधायला सूत्र वापरत नाहीत. १९६४ मध्ये चिएन नावाच्या अभियंत्याने सुचवलेली रीत वापरता येते: उमेदवार फार तर २५५, तेव्हा एकामागून एक सगळे ठेवून बघायचे आणि कुठे शून्य येतं ते टिपायचं.